उद्या येऊ नकोस

पार्कच्या मैदानावर पहाटे पावणेपाचला
रस्त्यावरचे दिवे अजून चालू असतात
आणि मी गळ्यात शिट्टी अडकवून
अंधारात पोरं मोजत असतो.
भार्गवी येमुल. आठशे मीटर.
वहीत तिची ओळ मी हिरव्या पेनानं आखलेली.
नोव्हेंबर : दोन मिनिटं चोवीस.
डिसेंबर : दोन सत्तावीस.
गड्ड्याची जत्रा उठली तेव्हा : दोन एकतीस.

"काय बे, पाय घरी ठेवून आलीस काय?"
ती हसली नाही.
मी दोन फेऱ्या वाढवल्या.
मला तेवढंच येतं, कमी पडलं की वाढवायचं.
कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर
माझ्याच हातानं, गेरूनं लिहिलेलं :
झोपला तो संपला.
माझी आई म्हणायची, झोपलेल्याच्या म्हशीला टोणगा.
आमच्याकडं म्हैस नव्हती, तरी म्हणायची.

मग एका सकाळी पाय ताणताना
तिनं कपाळ गुडघ्याला लावलं
ते लावलंच.
पोरं फिदीफिदी.
मी शिट्टी ओठांपर्यंत नेली
आणि तिची पाठ दिसली.
वर, खाली. वर, खाली.
तीन महिन्यांत पहिल्यांदा
तिचा श्वास बरोबर पडत होता.

संध्याकाळी घरी गेलो. साखर पेठेत, दोन खोल्या.
लोकांना वाटतं, सोलापुरात सगळे चादरीच विणतात.
तिचा बाप टॉवेल विणतो.
भिंतीपलीकडं चार माग, खडाक खडाक, खडाक खडाक.
म्हटलं, ह्या आवाजात पोर झोपणार कशी?
आई सुपातल्या विड्यांना दोरा बांधत होती, मान वर न करता म्हणाली,
"आवाजात झोपते की.
लाइट जाऊन माग थांबला, की दचकून उठते."
आणि पाणी? पाचव्या दिवशी, रात्री दोनला.
घागरी तीच भरते, धाकटा लहान आहे.
अकरापर्यंत दहावीचा अभ्यास.
मग अर्धा तास मोबाइल.
"तेवढंच माझं आहे, सर."
आणि चारला उठायचं, माझ्यासाठी.
मी मोजलं. एका हाताची बोटं पुरली.

मीही धावायचो. पंधराशे.
पुण्यातल्या फायनलला, शेवटच्या वळणावर
मला झापड आली होती.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
वीस वर्षं मी त्याला आळस म्हणत आलो,
आणि तोच आळस शिट्टी मारमारून
दुसऱ्यांच्या पोरांतून काढत आलो.

नरसय्या रात्रपाळीला निघाले होते, डबा हातात.
सगळं ऐकून चप्पल घालता घालता म्हणाले,
"धागा तुटला तर आम्ही माग थांबवतो, सर.
चालत्या मागावर गाठ बसत नाही."
आणि गेले.

मी म्हणालो, "भार्गवी, उद्या येऊ नकोस."
तिचा चेहरा उतरला. "काढलं मला?"
"नाही गं. झोप.
परवा सहाला ये. साडेनऊला मोबाइल आईकडं."
"आणि अभ्यास?"
ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.
पाण्याचंही नव्हतं.
पाणी अजून पाचव्याच दिवशी येतं,
फक्त आता दोनला आई उठते,
आणि तिची झोप
कुणाच्याच वहीत नाही.

वहीत मी एक रकाना वाढवला. वेळेच्या आधी : झोप.
सहा. साडेसहा. आठ. (रविवार.) सात.
दोन मिनिटं अठ्ठावीस.
पंचवीस.
घाई नाही.

भिंतीवरचं खरवडायला घेतलं,
गेरू पक्का निघाला.
'तो संपला' कसंबसं गेलं,
'झोपला' राहिलं.
पोरं विचारतात, "सर, कोण झोपला?"

मला मात्र सवय जात नाही.
चारला डोळा उघडतोच.
पंख्याकडं बघत पडून राहतो
आणि मला त्यांची ती खोली दिसते :
मध्येच लाइट गेलेली, माग थांबलेला,
पोर दचकून अर्धी उठलेली,
आणि अंधारातून तिच्या आईचा हात,
कपाळावर,
"पडुको, बिड्डा. पडुको."